आधी मेन बंद करून दाखवा

दवाखान्यात मी नेहमी मागच्या बाजूनं जातो. पुढं गणपतीची मूर्ती, रिसेप्शन, मेडिकल, नातेवाइकांची गर्दी. मागं लाल-पिवळ्या पिशव्यांतला कचरा, ऑक्सिजनचे सिलिंडर, वॉचमनची खुर्ची आणि पत्र्याच्या खोक्यात बसवलेलं आमचं इंजिन. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनाच्या कारखान्यात हात काळे करायला लागलो तेव्हा मी १८ वर्षांचा होतो. आता ५८ पूर्ण झाली. त्यातली ३५ वर्षं जनरेटरच्या सर्व्हिसिंगची, आणि निम्मं गिऱ्हाईक दवाखान्यांचं. त्यामुळं आमच्या शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत लाईट गेल्यावर कुठल्या दवाखान्यात काय होईल, याचा मला साधारण अंदाज असतो. तो अंदाज फारसा बरा नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

"जनरेटर आहे का?" असं विचारलं की प्रत्येक दवाखाना "आहे" म्हणतो, आणि खरंच असतो. पुढचं कुणी विचारत नाही. लाईट गेली की पॅनेलला कळतं, आम्ही त्याला एएमएफ म्हणतो. नुसता झटका आहे की खरंच गेली, हे पाहायला ते दोन-चार सेकंद थांबतं. मग बॅटरी सेल्फ मारते. इंजिनानं उचललं नाही तर जरा थांबून पुन्हा, असं तीनदा. इंजिन १५०० आरपीएमवर स्थिर झालं, ५० हर्ट्झ आणि ४१५ व्होल्ट मिळाले, की चेंजओव्हर होतो, म्हणजे कॉन्टॅक्टर भार जनरेटरवर घेतो, आणि वॉर्डात उजेड येतो. सगळं जागच्या जागी असेल तर हे १० ते १५ सेकंदांचं काम. तेवढा वेळ व्हेंटिलेटर, मॉनिटर, सिरिंज पंप, ऑपरेशनचा दिवा यूपीएसनं धरायचा. म्हणजे सेल्फची बॅटरी, डिझेल, इंजिन, पॅनेल, कॉन्टॅक्टर, यूपीएस, त्याच्या बॅटऱ्या आणि शेवटी हे सगळं ठाऊक असलेला एक माणूस. यातलं एक अडलं की बाकीचं असून नसल्यासारखं.

इंजिन सहसा अडत नाही. आमच्या गावच्या लोकांना याचा अभिमान आहे आणि तो खोटा नाही. अडते ती सेल्फची बॅटरी. लाखोंचा जनरेटर सेट काही हजारांच्या बॅटरीपायी उभा राहतो. बॅटरी चार्जरचा प्लग काढून तिथं टेबलफॅन लावलेला मी तीन दवाखान्यांत पाहिलाय. वॉचमनला कशाला बोल लावायचा, त्या खोलीत दुसरा सॉकेटच नव्हता आणि उन्हाळा होता.

यूपीएसची तीच कथा. १२ व्होल्टच्या वीस-तीस बॅटऱ्या एकापुढं एक जोडलेल्या असतात. त्यातली एक आतून तुटली की सगळी रांग गप्प. वर त्या ठेवलेल्या असतात जिन्याखालच्या खोलीत, जिथं पंखासुद्धा नाही. २५ अंशांच्या वर प्रत्येक १० अंशाला बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. चार-पाच वर्षांच्या म्हणून घेतलेल्या बॅटऱ्या दोन वर्षांत फुगतात. यूपीएसवरचा हिरवा दिवा मात्र लागलेला असतो, कारण मेन चालू असताना त्याला बॅटरीची गरजच पडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती डॉक्टरांना पटत नाही. "दर सोमवारी १० मिनिटं चालवतो हो आम्ही सेट." चालवतात, पण रिकामा. पॅनेलवर हातानं स्टार्ट करायचा, धूर पाहायचा, बंद करायचा. भार नसला की इंजिन नीट तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरच्या जोडांतून काळं चिकट तेल ओघळायला लागतं. असं इंजिन खऱ्या भाराखाली आलं की गुदमरतं. आणि रिकामं चालवताना बिचाऱ्याला ठाऊक नसतं की १५ खाटांचा दवाखाना आता ४० खाटांचा झालाय, वर लिफ्ट आलीय, सीटी स्कॅन आलाय, प्रत्येक स्पेशल रूमला एसी आहे. जनरेटर तोच, १५ खाटांच्या वेळचा. मोटर उठताना चालण्याच्या पाच-सहापट करंट ओढते. सगळे एसी आणि लिफ्ट एकदम उठले की सेट एकदा घोगरा आवाज काढतो आणि ट्रिप होतो. कागदावर बॅकअप आहेच.

आता माझी स्वतःची चूक. ती लपवून दुसऱ्यांना शहाणपण शिकवणं बरं दिसणार नाही.

दहा-एक वर्षं झाली. मे महिना. एका खासगी दवाखान्यात दुपारी सर्व्हिसिंगला गेलो. ऑइल बदललं, फिल्टर बदलले, फॅनबेल्ट ताणला. हात बेल्टात असताना इंजिन आपोआप सुरू होऊ नये म्हणून आम्ही पॅनेलचा सिलेक्टर 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर घेतो. काम झालं, हातानं सेल्फ मारला, इंजिन पहिल्या झटक्यात उठलं. डॉक्टरांनी बिलावर सही केली. मी चहा घेऊन निघालो. सिलेक्टर मॅन्युअलवरच राहिला.

त्या रात्री वळीव आला. आमच्याकडं वळवाचा पाऊस म्हणजे आधी वारा, मग झाडं, मग लाईट. २ वाजून १० मिनिटांनी लाईट गेली. आयसीयूत एक आजोबा व्हेंटिलेटरवर होते. यूपीएसच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या झालेल्या, ६ मिनिटांत संपल्या. व्हेंटिलेटरची आतली बॅटरी कधीच मेली होती, ते कुणाला माहीत नव्हतं, कारण तिची गरज कधी पडलीच नव्हती. सिस्टरनी आजोबांच्या नळीला अँबू बॅग लावली आणि हातानं श्वास द्यायला लागल्या. खाली वॉचमन आबा टॉर्च घेऊन जनरेटरभोवती फिरत होते. इंजिनात डिझेल होतं, बॅटरी ठणठणीत होती, ऑइल तर दुपारीच घातलेलं. २ वाजून २४ मिनिटांनी माझा फोन लागला. मी झोपेतच म्हणालो, "आबा, पॅनेलवर काळं बटण आहे, ते उजवीकडं फिरवा." २ वाजून २७ मिनिटांनी सेट चालू झाला.

सिस्टरनी ११ मिनिटं हातानं श्वास दिला होता. मिनिटाला दहा-बारा वेळा, एका हाताला मुंग्या आल्या की दुसऱ्या हातानं. आजोबा वाचले, आठवड्यानं घरी गेले. सकाळी मी जाऊन उभा राहिलो. डॉक्टर काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं. बोलल्या त्या सिस्टर. "मिस्त्री, तुमचं इंजिन चालू होतं हे मला काल दुपारी दिसलं. लाईट गेल्यावर चालू होतं का, ते कुणी बघितलं? इथून पुढं तुम्ही दर महिन्याला माझ्यासमोर मेन बंद करून दाखवायची."

या लेखात मला जे म्हणायचंय ते सगळं त्यांनी तेव्हाच म्हणून ठेवलंय. मी फक्त त्याच्या मागची यंत्रं ओळखतो.

पहिल्यांदा आम्ही मेन बंद केली ती दिवसा ११ वाजता. ऑपरेशन नाही, डायलिसिस नाही, लिफ्ट रिकामी, प्रत्येक व्हेंटिलेटरशेजारी अँबू बॅग घेऊन एक माणूस उभा. जनरेटर १२ सेकंदांत आला. मग काय काय बंदच राहिलं त्याची यादी करायला लागलो. ऑक्सिजनच्या मॅनिफोल्डचा अलार्म. मागच्या जिन्यावरचे दिवे. बोअरची मोटर. रक्त ठेवायचा फ्रिज, जो २ ते ६ अंशांत राहायला हवा, तो कुणीतरी सोयीसाठी हलवून जनरेटरवर नसलेल्या सॉकेटला लावला होता. आणि डायलिसिसची मशीन जिवंत होती, पण तिला पाणी देणारा आरओ प्लँट मेलेला. एका माणसाच्या चार तासांच्या डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं. पाणी बंद म्हणजे मशीन नुसतीच बोंबलत बसते. मशीनचा पंपच थांबला तर टेक्निशियनला हँडल लावून हातानं तो फिरवावा लागतो, कारण नळ्यांत आणि फिल्टरमध्ये पेशंटचं पाव लिटरच्या आसपास रक्त अडकलेलं असतं. ते हँडल कुठं आहे, असं मी तेव्हा विचारलं. सापडायला अर्धा तास लागला. कपाटाच्या वर होतं.

यातली एकही गोष्ट रिकामा सेट चालवून कळली नसती.

हे सांगितलं की डॉक्टर म्हणतात, "पेशंट आत असताना मी स्वतः मेन बंद करू? काही झालं तर नातेवाईक मला सोडतील का?" भीती खरी आहे, आणि आजकाल दवाखान्यांवर दगड पडतात ते पाहता डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. पण साहेब, विचार करा. दिवसाढवळ्या, सगळा स्टाफ उभा असताना, मी खाली पान्हा घेऊन बसलेला असताना, ज्या यंत्रणेवर तुमचा १५ सेकंदांचा भरवसा नाही, तिच्याच भरवशावर तुम्ही रात्री दोन वाजता एक सिस्टर आणि एक वॉचमन ठेवून घरी झोपता.

खर्चाचं म्हणाल तर ६२ केव्हीएचा सेट अर्ध्या भारावर अर्धा तास चालवायला चार-एक लिटर डिझेल लागतं. साडेतीनशे-चारशे रुपये. बरेच डॉक्टर रिसेप्शनवरच्या फुलांना महिन्याला याहून जास्त देतात.

सरकारी दवाखान्यात वेगळंच असतं. तिथं पैशापेक्षा 'हे कुणाचं' हा प्रश्न मोठा. इमारत आणि वायरिंग एका खात्याकडं, डिझेलचं बिल दुसरीकडं, सेटचं देखभालीचं कंत्राट तिसऱ्याकडं आणि चालवणारा पोरगा कंत्राटी, त्याचा पगार तीन महिने अडकलेला. एका ग्रामीण रुग्णालयात मी गेलो तर सेट नवा कोरा, आणि टाकीत डिझेल नाही. विचारलं तर म्हणाले, बिल मंजूर झालं की भरू. तिथल्या वॉर्मरमध्ये दोन बाळं होती. अशा ठिकाणी नवा सेट देऊन काय उपयोग? आधी एका माणसाच्या नावावर ही जबाबदारी लिहा आणि त्याच्या हातात डिझेलपुरते पैसे द्या.

मोठ्या शहरांनी खूश व्हायचं कारण नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासचा बराच भाग एकदम बंद पडला, ऐन कोविडमध्ये. त्या दिवशी पालिका आयुक्तांनी रुग्णालयांना किमान ८ तासांचं डिझेल तयार ठेवायला सांगितल्याचं मी बातम्यांत ऐकलं. सूचना बरोबरच होती. पण लाईट गेल्यावर डिझेल आठवलं, हे ऐकून मी टीव्हीसमोर कपाळाला हात लावला.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आमची पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तिथं धोक्याची पातळी ४३ फूट आहे. सबस्टेशनांत पाणी शिरलं, लाईट तासांत नाही तर दिवसांत मोजायची वेळ आली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूरचा महामार्ग पाण्याखाली, टँकर येईनात. १२५ केव्हीएचा सेट पूर्ण भारावर तासाला २५ लिटरच्या आसपास डिझेल पितो, म्हणजे दिवसाला ६०० लिटर. सेटखालची टाकी किती तास पुरणार, हिशेब करा. मी त्या आठवड्यात कमरेएवढ्या पाण्यातून डबड्यांनी डिझेल पोचवलंय, नावेतूनसुद्धा. पण बुडालेल्या सेटला डिझेल पोचवून काय करायचं? तळघरात, पार्किंगच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या पातळीला बसवलेले सेट मी पाणी ओसरल्यावर उघडले तेव्हा अल्टरनेटरमधून चिखल निघाला. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा आलं. त्यातले काही सेट पुन्हा त्याच जागी बसवलेले होते. एका मालकाला मी म्हणालो, चार फुटांचा चौथरा तरी बांधा. ते म्हणाले, "असा पूर परत थोडाच येतोय."

ही अक्कल फक्त आपल्याकडंच कमी आहे असंही नाही. एका ट्रेनिंगमध्ये आम्हाला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाची हकिगत सांगितली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथं सँडी वादळ आलं. रुग्णालयाचे जनरेटर १३व्या मजल्यावर, सुरक्षित. पण त्यांना डिझेल चढवणारे पंप तळघरात, आणि तळघर पाण्यात. शेवटी माणसांची रांग लावून जिन्यानं हातोहात डिझेल वर नेलं, आणि तरीही पुढं रुग्णालय रिकामं करावं लागलं. सेट उंचावर बसवणाऱ्यांना मी ही हकिगत सांगतो आणि विचारतो, पंप कुठं आहे?

सोलरबद्दल मला लोक मुद्दाम विचारतात, डिझेलवाला काय म्हणतो बघू म्हणून. माझ्या पोटावर पाय आला तरी सांगतो, प्राथमिक आरोग्य केंद्राला सोलर आणि चांगली बॅटरी हाच खरा आधार. तिथं भार थोडा असतो: बाळंतपणाच्या खोलीतले दिवे, वॉर्मर, सक्शन, लसींचा फ्रिज. डिझेल आणायला २० किलोमीटर जाण्यापेक्षा छपरावरचं ऊन बरं. छत्तीसगडमध्ये शेकडो आरोग्य केंद्रांवर असे संच बसवलेत. फक्त बॅटरी तिथंही म्हातारी होते, आणि पॅनेलवरची धूळ पुसायला तिथंही माणूस लागतो. मोठ्या रुग्णालयाला नुसतं सोलर पुरत नाही, डिझेल ठेवावंच लागतं.

घरच्या पेशंटांचंही थोडं सांगतो. माझा थोरला भाऊ फाउंड्रीत मोल्डर होता. वाळूच्या धुळीनं फुप्फुसं गेली, आता घरी ५ लिटरच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असतो. तो साधारण साडेतीनशे वॉट खातो. घरचा इन्व्हर्टर, १५० अँपिअरअवरची बॅटरी, तीही नवी, तीन-चार तास ओढते. जुनी तासाभरात मान टाकते. कॉन्सन्ट्रेटरला आत बॅटरी असते असं अनेकांना वाटतं. घरच्या बहुतेक यंत्रांत ती नसते. म्हणून आमच्याकडं बी टाइपचा एक सिलिंडर भरून कोपऱ्यात उभा असतो. त्यात साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन, मिनिटाला २ लिटरनं १२ तास निघतात. रेग्युलेटर लावायला वहिनी शिकलीय. तिचीही मी परीक्षा घेतो, न सांगता घरची मेन बंद करून. शिव्या खातो. पण तिला आता दोन मिनिटं लागतात.

सरकारकडं मागणं छोटंच आहे, पण आधी आगीचं उदाहरण घ्या. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला पहाटे नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली, तेव्हापासून फायर ऑडिट हा शब्द दवाखान्यांच्या तोंडी बसला. आगीसाठी आपल्याकडं २००६ चा कायदा आहे, दर जानेवारी आणि जुलैला 'फॉर्म बी' भरून द्यावा लागतो. जनरेटर बसवताना विद्युत निरीक्षकाचा कागद लागतो, तो बसवल्या दिवसाचा. पुढं दर महिन्याला जनरेटर भार घेतो का, हे विचारायला ३५ वर्षांत कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही. खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचं तीन वर्षांनी नूतनीकरण होतं. त्या अर्जाला ३६ महिन्यांचं रजिस्टर जोडायला सांगा. त्यात चारच रकाने हवेत: मेन कधी बंद केली, किती सेकंदांत सप्लाय आला, काय काय बंद राहिलं, कुणाची सही. त्याची एक प्रत रिसेप्शनवर दरपत्रकाशेजारी लावा, म्हणजे नातेवाइकांनाही वाचता येईल. नवा कायदा नको, नवं खातं तर मुळीच नको.

जिथं माझी चूक झाली त्या दवाखान्यात दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी ११ वाजता आजही मेन बंद होते. मी खाली सेटजवळ उभा असतो, घड्याळ वर असतं. स्विच सिस्टर स्वतः बंद करतात, माझ्या हातात देत नाहीत. या महिन्यात १४ सेकंद लागले, आणि दुसऱ्या मजल्यावरचा एक दिवा आला नाही. रजिस्टरात दोन्ही लिहिलंय.